नावाचा कार्यभार

एखादी संस्था कोणाची, हा प्रश्न वरवर पाहता कायद्याचा वाटतो, आणि बहुधा तो वकिलांच्या हाती सोपवून आपण मोकळे होतो. नोंदणीच्या कागदावर ज्याची सही त्याची संस्था, एवढे उत्तर न्यायालयाला पुरते. माणसाच्या मनाला मात्र ते पुरत नाही. ज्याने बी पेरले तो निघून गेला, आणि ज्यांनी ते रोप पंचवीस वर्षे पाणी घालून जगविले ते मागे राहिले, तर त्या झाडावर कोणाचा हक्क अधिक? स्थापकाचा, की राखणदाराचा? आणि पुढे कधी ते झाड उतरवावयाची वेळ आलीच, तर कुऱ्हाड कोणी उचलावी? हा प्रश्न नीतीचा आहे. तो सोडविताना आम्हांस ज्या उदाहरणाचा सर्वाधिक उपयोग झाला ते या पानांवर काहीसे अनोळखी वाटेल. ते उदाहरण आहे ब्राझील देशातील ‘सेपुल्तुरा’ या बँडचे.

बँड म्हटले की आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांपुढे वरातीपुढे चालणारा तांबड्या डगल्यांचा ताफा उभा राहतो. सेपुल्तुराची जात निराळी. गिटार, बास गिटार, ड्रम आणि गायक असा हा चौघांचा संच, आणि तो जे संगीत वाजवितो त्यास ‘थ्रॅश मेटल’ असे म्हणतात. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क या भागांत, ते आकारास आले. मेटॅलिका, स्लेयर, मेगाडेथ आणि ॲन्थ्रॅक्स ही त्यातील चार मोठी नावे. विजेच्या साहाय्याने मुद्दाम खरखरीत केलेला गिटारचा आवाज, तारांवर तळहाताची कड टेकवून अतिवेगाने मारलेले आघात, दोन्ही पायांनी वाजविलेला मोठा ड्रम, आणि गाण्यापेक्षा गर्जनेच्या जवळ जाणारा कंठ, ही त्याची लक्षणे. विषय युद्धाचे, मृत्यूचे, सत्तेच्या जुलमाचे. ज्यांचा कान नाट्यपदांवर आणि ख्यालावर वाढला त्यांना हा गोंगाट वाटावा यात नवल नाही. आपल्यापैकी कित्येकांना तो मुलांच्या खोलीच्या बंद दाराआडूनच परिचित असेल. कोणाची अभिरुची बदलावी असा आमचा मुळीच आग्रह नाही. आम्हांस पाहावयाचे आहे ते या मंडळींच्या चाळीस वर्षांच्या संसाराकडे.

मिनास जेराइस हा ब्राझीलमधील खाणींचा प्रांत, आणि बेलो होरिझोन्ते ही त्याची राजधानी. तेथे १९८४ साली मॅक्स आणि इगोर काव्हालेरा या दोघा भावांनी हा बँड उभा केला. मॅक्स पंधरा वर्षांचा, इगोर त्याहून वर्षाने लहान. वडील लहानपणीच वारलेले. देशात १९६४ पासून सुरू असलेली लष्करी राजवट अखेरच्या घटका मोजीत होती. ती १९८५ मध्ये संपली. ‘सेपुल्तुरा’ हा पोर्तुगीज शब्द असून त्याचा अर्थ थडगे. मोटरहेड या इंग्रज बँडच्या एका गीताचे पोर्तुगीज भाषांतर करीत असता तो मॅक्सला सापडला. मुलांचे इंग्रजी इतके कच्चे, की पहिली गीते त्यांनी शब्दकोश पुढे ठेवून रचली. बास गिटारवर पाउलो ज्युनियर होता. शहरातील ‘कोगुमेलो’ नावाच्या तबकड्यांच्या दुकानदाराने १९८५ मध्ये त्यांची ‘बेस्टियल डिव्हास्टेशन’ ही पहिली मुद्रिका काढली, तीही अर्धीच; तिची दुसरी बाजू गावातल्याच दुसऱ्या एका बँडची होती. १९८६ मध्ये ‘मॉर्बिड व्हिजन्स’ आली. १९८७ मध्ये पहिला गिटारवादक गेला आणि त्याच्या जागी साओ पाउलोकडील अँड्रियास किसर आला. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

यानंतरची नऊ वर्षे ही सरळ चढणीची आहेत. १९८७ च्या ‘स्किझोफ्रेनिया’मुळे रोडरनर या परदेशी कंपनीचे लक्ष त्यांच्याकडे गेले. तिच्यासाठी रिओ दि जानेरो येथे मुद्रित केलेली ‘बिनीथ द रिमेन्स’ १९८९ मध्ये आणि ‘अराइज’ १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि दक्षिण अमेरिकेतल्या पोरांनी थ्रॅशच्या मूळ पीठांशी बरोबरी साधली. तोवर ते अमेरिकन धाटणीचेच संगीत उत्तम रीतीने वाजवीत होते. १९९३ च्या ‘केऑस ए.डी.’मध्ये त्यांनी वेग कमी केला आणि आपल्या देशाकडे पाहिले. १९९२ मध्ये साओ पाउलोच्या कारान्दिरू तुरुंगात पोलिसांच्या कारवाईत १११ बंदी मारले गेले, त्यावर त्यांनी गीत केले. आपली भूमी हिरावली जात असता आत्मनाशाच्या टोकाला गेलेल्या काइओवा आदिवासींसाठी केवळ गिटार आणि तालवाद्ये घेऊन एक शब्दहीन रचना केली, आणि ती वेल्समधील एका जुन्या किल्ल्यात मुद्रित केली. १९९६ च्या ‘रूट्स’साठी तर ते मातो ग्रोसो प्रांतात शावान्ते आदिवासींच्या वस्तीवर गेले आणि त्यांच्यासह गायिले-वाजविले. परक्यांचे व्याकरण घेऊन आपल्या घरचे वाक्य बोलता येते, हे त्यांनी सिद्ध केले. स्लिपनॉटसारख्या पुढच्या पिढीच्या प्रसिद्ध अमेरिकन बँडवर ‘रूट्स’चा ठसा असल्याचे समीक्षक सांगत आले आहेत.

आणि नेमके याच वर्षी घर फुटले. ऑगस्ट १९९६ मध्ये मॅक्सचा तरुण सावत्र मुलगा अपघातात मरण पावला. ही वार्ता आली तेव्हा बँड इंग्लंडमध्ये डॉनिंग्टनच्या मोठ्या महोत्सवासाठी गेला होता. मॅक्स तत्काळ अमेरिकेस परतला, आणि उरलेल्या तिघांनी किसरला गावयास लावून कार्यक्रम निभावला. मॅक्सची पत्नी ग्लोरिया हीच बँडची व्यवस्थापक होती. तिचा करार पुढे चालू ठेवू नये असे तिघांचे मत पडले, आणि डिसेंबरात लंडनच्या ब्रिक्स्टन येथील कार्यक्रमानंतर मॅक्स बँड सोडून गेला. शोकाच्या काळात आपल्या माणसांनी हिशेब काढला, असे त्यास वाटले असल्यास ते समजण्याजोगे आहे. बँडचा कारभार एका घराच्या हाती जात असल्याचे इतरांस वाटले असल्यास तेही समजण्याजोगे आहे. या भांडणात न्यायाधीश होण्याची आमची इच्छा नाही. मॅक्सने १९९७ मध्ये ‘सोलफ्लाय’ हा नवा बँड काढला. इगोर मात्र भावाबरोबर गेला नाही. तो सेपुल्तुरातच राहिला, आणि दोघा भावांमध्ये सुमारे दहा वर्षे अबोला होता.

मॅक्सच्या जागी आला तो डेरिक ग्रीन, अमेरिकेतील ओहायोच्या क्लीव्हलंड शहराचा. ब्राझीलच्या बँडला अमेरिकन गायक! १९९८ मध्ये त्याच्या कंठातील ‘अगेन्स्ट’ ही मुद्रिका निघाली. जुन्या श्रोत्यांपैकी कित्येकांनी पाठ फिरविली. २००१ च्या ‘नेशन’नंतर रोडरनर कंपनीशी असलेला संबंधही संपला. २००६ मध्ये इगोरही बाहेर पडला. भावाभावांचा समेट झाला आणि त्यांनी मिळून ‘काव्हालेरा कॉन्स्पिरसी’ हा तिसराच बँड काढला. म्हणजे २००६ नंतर ज्या बँडचे नाव सेपुल्तुरा त्यात एकही काव्हालेरा उरला नाही. ड्रमवर प्रथम जाँ दोलाबेला, नंतर २०११ पासून एलॉय कासाग्रांदे हा विलक्षण तयारीचा तरुण आला. दान्तेच्या महाकाव्यावर २००६ मध्ये ‘दान्ते एक्सएक्सआय’, अँथनी बर्जेस याच्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ या कादंबरीवर २००९ मध्ये ‘ए-लेक्स’, २०१७ मध्ये ‘मशीन मसाया’, २०२० मध्ये ‘क्वाड्रा’, अशा मुद्रिका निघत राहिल्या. शेवटच्या दोहोंचे तर संशयी समीक्षकांनीही मनःपूर्वक स्वागत केले.

येथे तत्त्वज्ञांना पाचारण करणे प्राप्त होते. प्लुटार्कने थीसियसच्या जहाजाची गोष्ट सांगितली आहे. अथेन्सच्या लोकांनी ते जहाज जतन केले; जी फळी कुजेल ती काढून नवी बसवीत गेले; आणि ते जहाज तेच की दुसरे, यावर पंडित वाद घालीत बसले. सतराव्या शतकात टॉमस हॉब्जने या गोष्टीला एक खोचक पुरवणी जोडली. काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेविल्या आणि त्याच क्रमाने पुन्हा जोडून दुसरे जहाज उभे केले, तर खरे कोणते? सेपुल्तुराच्या बाबतीत हॉब्जची ही कल्पना अक्षरशः प्रत्यक्षात उतरली. २०१६ मध्ये दोघे भाऊ ‘रूट्स’ची वीस वर्षे साजरी करीत ती संपूर्ण मुद्रिका गावोगाव वाजवू लागले. २०२३ मध्ये ‘काव्हालेरा’ या नावाने त्यांनी ‘बेस्टियल डिव्हास्टेशन’ आणि ‘मॉर्बिड व्हिजन्स’ नव्याने मुद्रित केल्या, आणि २०२४ मध्ये ‘स्किझोफ्रेनिया’. एका बंदरात नव्या फळ्यांचे जुन्या नावाचे जहाज, आणि दुसऱ्या बंदरात जुन्या फळ्यांचे नव्या नावाचे जहाज!

आपल्याकडचे उत्तरही जुने आहे. ‘मिलिंदपञ्हो’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदास विचारतो, की तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे नेमके काय? आस रथ आहे काय? चाके रथ आहेत काय? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि शेवटी कबूल करतो की या सर्वांच्या योगाने ‘रथ’ हा केवळ एक व्यवहाराचा शब्द उपजतो. नागसेनाच्या न्यायाने पाहिले तर खरा सेपुल्तुरा कोणता हा प्रश्नच विरघळून जातो. दोन्हीकडे माणसे आहेत, वाद्ये आहेत, आणि एक शब्द आहे.

तर्काला हे समाधानकारक वाटेल. आम्हांस मात्र ते अपुरे वाटते, कारण रथाच्या आसाला आणि जहाजाच्या फळीला मन नसते. फळी आपण होऊन निघून जात नाही, मागे राहिलेल्या फळ्यांवर रुसत नाही, दहा वर्षांनी दुसऱ्या फळीस आलिंगन देत नाही. शिवाय जहाजाने कोणास शब्द दिलेला नसतो. माणसांच्या संस्थेने तो दिलेला असतो, श्रोत्यांना आणि एकमेकांनाही. म्हणून खरे जहाज कोणते याचा निर्णय फळ्या मोजून होईल, परंतु खरी संस्था कोणती याचा निर्णय दिलेला शब्द कोण पाळीत आहे हे पाहूनच करावा लागेल.

प्रथम स्थापकाची बाजू पुरत्या न्यायाने मांडली पाहिजे. नाव मॅक्सने शोधले. ज्या गीतांमुळे जगाने त्या नावाकडे पाहिले त्यांत त्याचा कंठ आणि इगोरचे हात आहेत. मागे राहिलेली मंडळी प्रत्येक कार्यक्रमात तीच गीते वाजवून टाळ्या घेत आली. स्थापक म्हणेल, ‘घर मी बांधले, विहीर मी खणली, आणि आज पाणी तुम्ही विकता.’ याला उत्तर देणे सोपे नाही. कोणत्याही संस्थेचा पहिला दिवस हा पुढच्या दहा हजार दिवसांहून निराळा असतो. त्या दिवशी काहीच नसते, आणि काहीच नसताना काहीतरी होईल असे मानणारा एकच वेडा असतो. पुढचे सारे लोक निदान चालत्या गाड्यात बसलेले असतात. स्थापकाचे हे ऋण फिटणारे नाही, आणि ते फिटले असे जो म्हणेल तो कृतघ्न होय.

परंतु ऋण आणि मालकी यांत अंतर आहे. पित्याचे ऋण मुलावर जन्मभर असते, म्हणून मुलगा पित्याच्या मालकीचा होत नाही. महाराष्ट्राला हा वाद संगीत रंगभूमीच्या इतिहासातून चांगला ठाऊक आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये नाटक मंडळी उभारली आणि १८८५ मध्ये ते निवर्तले. मंडळी मात्र त्यांच्या नावाने चालतच राहिली. भाऊराव कोल्हटकर आले आणि गेले, बालगंधर्व आले, आणि १९१३ मध्ये बालगंधर्वांनी सहकाऱ्यांसह बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. तेव्हा प्रेक्षकांचे प्रेम बव्हंशी गंधर्वांमागे गेले. तरीही किर्लोस्करांचे नाव मागे राहिलेल्यांनीच चालविले, आणि ते त्यांनी बळकावले असे कोणी म्हटले नाही. नाव तेथेच राहते जेथे त्याचा रोजचा भार उचलला जातो, ही समजूत आपल्या अंगवळणी पडलेली आहे.

आम्हां नोकरदारांस तर ती अधिकच पटावी. सरकारी कचेरीत पद निराळे आणि व्यक्ती निराळी. बदली झाली की चार्ज द्यावयाचा, फायलींची यादी करावयाची, किल्ल्या मोजून सोपवावयाच्या, आणि खुर्चीकडे मागे वळून न पाहता नव्या गावाची गाडी धरावयाची. जाणाऱ्याने बसविलेली एखादी चांगली पद्धत वर्षानुवर्षे चालते आणि ती कोणी बसविली हे पुढे कोणाला आठवतही नाही. हे काहीसे निर्दय आहे, परंतु त्यात एक न्यायही आहे. जो टेबलाशी बसला आहे, ज्याला लोकांची गाऱ्हाणी ऐकावी लागतात, ज्याच्या सहीखाली चूकभूल निघाली तर ज्याला उत्तर द्यावे लागते, तोच त्या पदाचा खरा धनी, तेवढ्या काळापुरता. धनीपणाचे मूळ जन्मात नसून जबाबदेहीत आहे.

या दृष्टीने डेरिक ग्रीनकडे पाहावे. मॅक्सने सेपुल्तुरात सुमारे बारा वर्षे काढली. ग्रीनने त्याच्या दुप्पट काळ त्या नावाखाली गाऊन काढला. तरीही कित्येक श्रोत्यांच्या लेखी तो ‘नवा गायक’च राहिला. लोकप्रिय अधिकाऱ्याच्या मागून आलेल्या माणसाची अवस्था ज्याने पाहिली आहे त्याला यातील दुःख समजावून सांगावे लागणार नाही. पूर्वीच्या साहेबांच्या वेळी असे नव्हते, हे वाक्य त्याने सेवानिवृत्तीपर्यंत ऐकावयाचे असते. दुसऱ्याने गाजविलेली गीते रोज रात्री गावयाची, ती त्याच्यासारखी गायिली तर नकलाकार ठरावयाचे, वेगळी गायिली तर पाखंडी ठरावयाचे, आणि तरी पुन्हा दुसऱ्या रात्री उभे राहावयाचे. याला कलेइतकेच शीलही लागते. स्थापनेचे धैर्य जग ओळखते, कारण ते एका दिवसात दिसते. टिकविण्याचे धैर्य सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, कारण ते हजार सामान्य दिवसांत वाटले गेलेले असते.

अर्थात् मागे राहणे हाच काही पुण्याचा पुरावा नव्हे. खुर्ची उबविणारे पुष्कळ असतात. राखणदाराचा हक्क दोन अटींवर उभा आहे असे आम्हांस वाटते. एक, त्याने जुन्या ठेव्यावर केवळ व्याज खाऊ नये. आपली भर घालावी. दुसरी, जुना ठेवा आपला नव्हे हे त्याने विसरू नये. पहिल्या अटीत सेपुल्तुरा उतरला असे म्हणावयास हरकत नाही. १९९८ पासून २०२० पर्यंत त्यांनी नऊ नव्या मुद्रिका काढल्या, आणि दान्ते किंवा बर्जेस यांना हाताळण्याचा खटाटोप केवळ जुन्या टाळ्यांवर जगू पाहणारा माणूस करीत नाही. दुसऱ्या अटीविषयी मतभेद होईल. परंतु एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. ती गीते दोन्हीकडे वाजत राहिली, भावांकडेही आणि बँडकडेही, आणि त्यांचे काही बिघडले नाही. नाव एकाकडेच राहू शकले. गीते दोघांनाही पुरली.

आता उरतो तो शेवटचा आणि सर्वांत अवघड प्रश्न, संस्था संपविण्याच्या अधिकाराचा. २०२२ मध्ये किसरची पत्नी कर्करोगाने निवर्तली. त्यानंतर तो मृत्यूविषयी, आणि मनुष्यास सन्मानाने मरता यावे याविषयी, उघडपणे बोलू लागला. डिसेंबर २०२३ मध्ये सेपुल्तुराने जाहीर केले की चाळीस वर्षांच्या निमित्ताने निरोपाचा दौरा करून आम्ही थांबणार आहो. हा आमचा समजून-उमजून, ठरवून स्वीकारलेला मृत्यू आहे, असा त्या निवेदनाचा आशय होता. मृत्यूच्या द्वारे जीवनाचा उत्सव, अशा अर्थाचे नाव त्या दौऱ्यास दिले गेले, आणि १ मार्च २०२४ रोजी तो बेलो होरिझोन्ते येथे, म्हणजे जन्मगावीच, सुरू झाला. त्याच्या अगदी तोंडावर एलॉय कासाग्रांदे स्लिपनॉटमध्ये निघून गेला. ज्या बँडवर ‘रूट्स’चा ठसा सांगितला जातो त्याच बँडने सेपुल्तुराचा ड्रमवादक नेला! त्याच्या जागी ग्रेसन नेक्रुटमन हा अमेरिकन तरुण बसला, ज्याचा जन्मच ‘रूट्स’नंतरचा.

किसर हा स्थापक नव्हे. तो आला तेव्हा नाव पडलेले होते, दोन मुद्रिका निघालेल्या होत्या. दुसऱ्याने लावलेला दिवा विझविण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? येथे आमची कचेरीची उपमा तोकडी पडते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. टेबलाशी बसलेला कारकून आपले पद रद्द करू शकत नाही. पद शासनाने निर्माण केलेले असते आणि शासनच ते मोडते. बँडला असे शासन नाही. त्यात बसलेली माणसे हेच त्याचे सर्वस्व. मग ज्यांनी त्याचा भार सर्वांत अधिक काळ वाहिला त्यांच्याखेरीज तो खाली ठेवण्याचा अधिकार कोणाचा असू शकेल? ज्याने ओझे उतरवून आपली वाट धरली त्याला, मागच्याने ते कधी उतरवावे हे सांगण्याचा अधिकार उरत नाही. त्याची वाट योग्य असेल, त्याचे दुःख खरे असेल. तरीही उरत नाही.

आणि संपविणे ही राखणदारीचीच शेवटची कृती असू शकते. संस्था दोन रीतींनी मरतात. पुष्कळशा सडून मरतात: वर्गणीदार गळतात, सभा कोरमाअभावी तहकूब होतात, कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे कोणास ठाऊक नसते, आणि एके दिवशी लक्षात येते की ती संस्था केव्हाच नाहीशी झाली. थोड्या संस्था हिशेब चोख करून, ज्यांचे देणे त्यांना देऊन, ज्यांचे आभार त्यांचे मानून, जागेपणी दार लावून घेतात. मराठीत ‘समाधी’ या शब्दाला दोन्ही अर्थ आहेत. मृताची वास्तू ती समाधी, आणि कृतकार्य पुरुषाने जाणतेपणी आपल्या अवताराची सांगता करणे तीही समाधीच. गिटार वाजविणाऱ्यांना संतांच्या पंक्तीस बसविण्याचा आमचा हेतू नाही. परंतु थडगे या अर्थाचे नाव धारण करून चाळीस वर्षे गर्जना करणाऱ्या मंडळींना त्या शब्दाचा दुसरा अर्थही उमगावा, हा योग मराठी कानास जाणविल्यावाचून राहत नाही.

आपल्यापैकी बहुतेक जण ज्या गावी नोकरीस आहेत तेथे आपल्या आधी आलेल्या कोणा मराठी माणसाने एखादे मंडळ काढलेले असते, गणेशोत्सव सुरू केलेला असतो, चार कपाटांचे ग्रंथालय उभे केलेले असते. तो माणूस बदलून गेलेला असतो किंवा भिंतीवरच्या तसबिरीत असतो. आपण तीन-चार वर्षे ते काम पाहतो आणि दुसऱ्याच्या हाती देऊन पुढे जातो. अशा प्रत्येक संस्थेत स्थापकाची माणसे आणि सांप्रतची कार्यकारिणी यांचा वाद धुमसत असतो, आणि तो बहुधा चुकीच्या प्रश्नावर चाललेला असतो. हे कोणाचे आहे, असे विचारले की हक्काचे कागद निघतात आणि माणसे दुरावतात. याचा भार आज कोणावर आहे, असे विचारले तर उत्तर देणारा हात वर करतो, आणि पुष्कळदा असे दिसते की हात वर करणारा एकटाच आहे. स्थापकाला कृतज्ञता द्यावी, ती भरभरून द्यावी. नाव मात्र त्या वर केलेल्या हातात असू द्यावे. त्याने ते पुढे न्यावे, किंवा पुढे नेणे शक्य नसेल तर नीटपणे खाली ठेवावे. दोन्ही प्रसंगी त्याच्यावर विश्वास ठेवणे, एवढेच बाकीच्यांच्या वाट्याचे काम आहे, आणि तेही सोपे नाही.